शेवटच्या रांगेपर्यंत

‘घरचा आवाज’ या सदरासाठी मागच्या महिन्यात होम थिएटरचे प्रश्न मागवले होते. निम्म्याहून अधिक पत्रांत विचारलंय एकच: ‘कुठला रिसीव्हर घेऊ?’ रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेयर यांचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र.

उत्तरांकडे वळण्याआधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे माझा कल कुठून आला ते कळेल. वीस वर्षं मी नाटकांच्या दौऱ्यांवर ध्वनी सांभाळला. नव्या गावात बस पोहोचली की आमच्यातलं एक माणूस रिकाम्या रंगमंचावर उभं राहून बोलायचं आणि मी शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायची. शब्द पोहोचतोय का, एवढंच आधी पाहायचं. पार्श्वसंगीत, ढगांचा गडगडाट, दारावरची थाप हे सगळं त्यानंतर. आता मी पुण्यात लोकांच्या घरी रिसीव्हर आणि स्पीकर बसवून देते. तिथेही माझं पहिलं काम तेच असतं.

प्रश्न: ताई, नमस्कार. चिंचवडला नवीन टू बीएचके घेतलाय. हॉल १७ फूट लांब, १० फूट रुंद. ६५ इंची टीव्ही लांब भिंतीवर आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. सगळं मिळून सव्वा लाख खर्च करायची तयारी आहे. एक दुकानदार म्हणतो, ७.२ चॅनलचा अ‍ॅटमॉस रिसीव्हर घ्या, हजार वॅट. दुसरा म्हणतो, ५.१ पुरे. आमच्या घरातली खरी तक्रार वेगळीच आहे. मारामारी सुरू झाली की भिंती हादरतात आणि माणसं बोलायला लागली की ऐकूच येत नाही. सौ. पूर्ण सिनेमाभर रिमोट हातात धरून बसते. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रातलं सौं.च्या रिमोटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सव्वा लाख त्या वाक्यावर खर्च करायचे, असं धरून पुढचं लिहिते.

सुरुवात सोफ्यापासून करा. तो भिंतीला टेकलेला आहे, म्हणजे तुमच्या डोक्यामागे जागाच नाही. सात चॅनलच्या मांडणीत दोन स्पीकर कानांच्या बाजूला आणि दोन पाठीमागे लागतात. पाठीमागे भिंतच असेल तर ते शेवटचे दोन कुठे जाणार? दुकानदार ते सोफ्याच्या वर खिळ्याला लटकवून देईल आणि तुम्ही दोन स्पीकरचे पैसे भरून मानेमागे गोंगाट विकत घ्याल. तुमच्या हॉलला ५.१ बरोबर आहे. समोर डावा, उजवा, मधला, बाजूला दोन, आणि खर्जासाठी एक सबवूफर (टिंबानंतरचा आकडा त्याचा). उद्या अ‍ॅटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज यावा म्हणून, छतात दोन स्पीकर बसवावेसे वाटले तर ७ चॅनलचा रिसीव्हर हाताशी असलेला बरा, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी आज मधल्या स्पीकरच्या पैशांना हात लावू नका.

कारण सगळं नाटक त्या मधल्या स्पीकरवर चालतं. सिनेमाच्या ५.१ मिश्रणात संवाद जवळजवळ पूर्णपणे सेंटर चॅनलमध्ये असतात. नुसत्या टीव्हीवर पाहताना सहाही चॅनलचा आवाज दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबला जातो. बहुतेक चपट्या टीव्हींमध्ये ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. तुमच्या सौं.चे कान ठणठणीत आहेत, शब्दच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीयेत. म्हणून सेंटर स्पीकर चांगला घ्या, आणि डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला घ्या. वेगळ्या जातीचा घेतला तर नट डावीकडून उजवीकडे चालत गेला की मध्येच त्याचा गळा बदलतो.

पैशांची वाटणी मी अशी करते: साधारण तिसरा हिस्सा रिसीव्हर, थोडा कमी अर्धा हिस्सा पाच स्पीकर, उरलेल्यात सबवूफर आणि वायर. लोक नेमकं उलटं करतात. रिसीव्हरला दिवे असतात, डिस्प्ले असतो, त्यामुळे तोच मुख्य वाटतो. पण खोलीतली हवा हलवतो तो स्पीकर.

आता ते हजार वॅट. नव्वदच्या दशकात कॅसेट प्लेयरच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ लिहून हजारो वॅट छापलेले असायचे, ते आठवतं ना? आज ती अक्षरं कमी दिसतात, पण आकडा फुगवायची जागा अजून शिल्लक आहे. यामाहाच्या आरएक्स-व्ही३८५ या ५.१ रिसीव्हरच्या माहितीपत्रकात एकाच यंत्राचे तीन आकडे आहेत. एकच चॅनल चालू, एकच सूर, १ किलोहर्ट्झचा, आणि आवाजात १० टक्के बिघाड चालवून घेतला तर १३५ वॅट. बिघाड १ टक्क्याच्या आत ठेवला तर १००. दोन चॅनल एकत्र, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे सगळे सूर आणि बिघाड ०.०९ टक्के असं मोजलं तर ७० वॅट. तिन्ही आकडे खरे आहेत आणि कंपनीने ते उघड छापले आहेत. आपण कुठला वाचायचा एवढंच ठरवायचं असतं. शेवटचा वाचा. दोन यंत्रांची तुलना करताना ‘दोन चॅनल, २० ते २०,०००’ हीच ओळ दोन्हीकडे शोधा.

७० वॅट कमी वाटत असतील तर हा हिशेब पाहा. साध्या स्पीकरला १ वॅट दिला तर एका मीटरवर ८६-८७ डेसिबल आवाज होतो. तुम्ही अडीच मीटरवर बसणार, म्हणजे तो ऐंशीच्या आसपास येईल. घरात आपण टीव्ही यापेक्षा हळू ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळ तुमचा रिसीव्हर एक वॅटही देत नसतो. बाकीची ताकद क्षणभराच्या धडाक्यांसाठी राखीव असते. आणि ७० चे १४० वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. ऐकणाऱ्याला ‘जरासा मोठा झाला’ एवढंच वाटतं. एवढ्यासाठी वीस हजार जास्त मोजू नका.

मग रिसीव्हरमध्ये पाहायचं काय? टीव्हीच्या एचडीएमआयच्या तोंडाशी ‘ई-आर्क’ लिहिलंय का ते बघा आणि रिसीव्हरवरही तेच घ्या. ई-आर्कमधून टीव्हीतल्या अ‍ॅपचा, पेटीचा (सेट टॉप बॉक्सचा), सगळ्याचा पूर्ण आवाज एका एचडीएमआय वायरीतून रिसीव्हरकडे जातो. जुन्या नुसत्या ‘आर्क’मधून डॉल्बी डिजिटल आणि डॉल्बी डिजिटल प्लस जातं आणि ओटीटीसाठी तेवढं पुरतं, पण ब्ल्यू-रेचा न दाबलेला आवाज जात नाही. ऑप्टिकल वायर त्याहून अरुंद आहे. तीन-चार एचडीएमआय इनपुट असावेत. खोली मोजणारा माइक खोक्यात असावा. आणि बिल भारतातलं, वॉरंटी भारतातली असावी. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत सर्वांत केविलवाणी अवस्था बिल नसलेल्यांची असते.

बसवताना सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका. त्याचं तोंड कप्प्याच्या कडेला अगदी बरोबरीत आणा आणि पुढून रबराचे तुकडे लावून कानांच्या दिशेने थोडं वर करा. कोथरूडच्या एका घरी सुंदर कोरीव जाळीच्या दारामागे सेंटर ठेवला होता. मी काही बदललं नाही, फक्त दार काढून बाजूला ठेवलं. आतल्या खोलीत पडलेल्या आजी उठून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘आता ती सून काय बोलते ते कळतंय.’ दार परत बसलं नाही.

डावा-उजवा स्पीकर एकमेकांपासून साधारण ९ फुटांवर येतील. मधोमध बसलात की दोन्हीकडे ३०-३० अंशांचा कोन पडतो. बाजूचे दोन सोफ्याच्या टोकांपासून जमेल तेवढे लांब, कानांपेक्षा फूट-दीड फूट उंच लावा आणि त्यांची तोंडं एकमेकांकडे करा, तुमच्या कानांत नकोत. सोफा भिंतीपासून एक फूट पुढे ओढता आला तर ओढा. भिंतीला चिकटून बसलं की घुमणारा आवाज सर्वांत जास्त लागतो. का, ते पुढच्या उत्तरात सांगते.

स्पीकरच्या वायरीसाठी हजारो रुपये मागितले तर देऊ नका. पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची दोन पदरी वायर तुमच्या हॉलला भरपूर झाली. १० मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन रोध पाव ओहमच्या आसपास भरतो. रंगकाम अजून व्हायचं असेल तर आजच भिंतीत पाइप टाकून घ्या. आणि टोकाशी तांब्याचा एकही सुटा केस शेजारच्या टोकाला टेकणार नाही हे डोळ्यांनी तपासा. शॉर्ट झालं की रिसीव्हर स्वतःला बंद करतो, आणि दर वेळी तो वाचतोच असं नाही.

शेवटचं, आणि हे विसरू नका. टीव्हीच्या ध्वनी मेनूमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वरून ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ वर आणा. हे केलं नाही तर टीव्ही दोनच चॅनल पाठवत राहतो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव दिसायला हवं. मी पाहिलेल्या कितीतरी घरांत वर्ष-वर्षभर पाच स्पीकर लावून दोन चॅनल ऐकले गेले आहेत.

प्रश्न: नाशिकहून लिहितोय. रिसीव्हरसोबत आलेला माइक लावून ऑटो सेटिंग केलं. तरी सोफ्यावर बसलं की घुमतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की आवाज छान वाटतो! सबवूफर टीव्हीशेजारी कोपऱ्यात आहे. खोली १० बाय १४. यंत्रात दोष आहे का?

उत्तर: यंत्र चांगलं आहे. तुमची खोलीच एक वाद्य आहे आणि तिचे स्वतःचे सूर आहेत.

ध्वनी एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची अर्धी लांबी नेमकी मावते, तो सूर खोलीत साचतो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे ५६ हर्ट्झ. १४ फुटांना ४० हर्ट्झ. हे दोन सूर आले की तुमची खोली त्यांना धरून ठेवते. भिंतीजवळ ते सर्वांत जड आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत हलके लागतात. तुमचा सोफा भिंतीला असणार, आणि स्वयंपाकघराचं दार मध्यावर कुठेतरी. बरोबर ना?

यावर उपाय पैशांचा नाही, गुडघ्यांचा आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता त्या जागी ठेवा. ज्यात खर्जाची चाल वरखाली फिरते असं काहीतरी लावा. मग भिंतीच्या कडेने जमिनीलगत रांगत जा आणि ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा आणि सुटा ऐकू येतो, डग्ग्याची थाप पडते आणि संपते, तिथे खडूने खूण करा. सबवूफरची जागा ती. अशा दोन-तीन जागा सापडतील. त्यातली घरच्यांना चालेल ती निवडा. कोपरा त्यात बहुधा नसतो.

मग ऑटो सेटिंग पुन्हा करा, पण शिस्तीत. पंखा, एसी, मिक्सर बंद. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत थांबा. माइक सोफ्याच्या पाठीवर किंवा उशीवर ठेवू नका. कॅमेऱ्याच्या तिपाईवर, कान असतात त्या उंचीवर, टोक छताकडे. एकापेक्षा जास्त जागा मोजायची सोय असेल तर सगळ्या वापरा, पण त्या सोफ्याच्या परिसरातल्याच, एकमेकींपासून हात-दीड हातावर. मोजमाप चालू असताना खोलीत माणूस नको, निदान हलणारा तरी नको. आमच्या दौऱ्यात एकदा सगळी लेव्हल रिकाम्या नाट्यगृहात लावली आणि रात्री ८०० माणसं बसल्यावर आवाज निम्मा गिळला गेला. तेव्हापासून मी घरातही पडदे, जाजम, सतरंजी जशी रोज असते तशीच ठेवून मोजते.

मोजून झाल्यावर मेनू उघडा. रिसीव्हर कधी कधी पुढच्या स्पीकरना ‘लार्ज’ ठरवून टाकतो. ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. ८० च्या खालचं जड काम सबवूफरकडे गेलं की छोट्या स्पीकरला बोलायला मोकळीक मिळते. प्रत्येक स्पीकरचं अंतर फुटपट्टीशी ताडून पाहा. सबवूफरचं अंतर मात्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तरी हात लावू नका; त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो.

तुमच्या खोलीत उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्र’ असा शेपटासारखा आवाज आला तर फरशी आणि उघड्या भिंती बोलत आहेत. समोर जाड जाजम आणि एका भिंतीवर गोधडी. हो, गोधडीच म्हणते आहे. कापसाच्या जाड थरांची गोधडी भिंतीपासून दोन बोटं सोडून टांगली तर ती शब्दांभोवतीचा गोंगाट चांगला शोषते, आणि दिसतेही देखणी. खर्जाच्या घुमण्यावर मात्र तिचा उपयोग नाही, त्यासाठी रांगणंच.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीहून कायमचा सांगलीला परत आला. त्याने तिथला रिसीव्हर आणि सबवूफर सोबत आणले आहेत. ओळखीचा वायरमन म्हणतो, ‘काका, प्लग बदलला की झालं.’ खरं का?

उत्तर: काका, प्लगला हात लावू देऊ नका! रिसीव्हरच्या पाठीमागे ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ लिहिलेलं असेल. आपल्याकडे २३०. जवळजवळ दुप्पट दाब गेला की नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडेल, नाहीतर आतला पुरवठाच जळेल.

२३० चे ११० करणारा लोखंडी गाभ्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. रिसीव्हरच्या पाठीवर जे वॅट लिहिलेत त्याच्या दुपटीचा. ४५० लिहिलं असेल तर १००० व्हीएचा. तो जड असतो आणि थोडा गुरगुरतो. टीव्हीच्या फळीवर न ठेवता खाली, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. प्रवासाचे हलके कन्व्हर्टर मिळतात ते यासाठी नाहीत. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाने रिसीव्हर थोडा जास्त तापेल, म्हणून वर वीतभर जागा मोकळी सोडा. सबवूफरचा स्वतःचा प्लग असतो हे लोक विसरतात. त्याची पाठही वाचा. काहींना ११५/२३० चं बटण असतं, मग ते फिरवून सरळ लावता येतो.

दोन गोष्टी मुलाला सांगून ठेवा. अमेरिकी रेडिओ ट्यूनर पुष्कळदा ०.२ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी पुढे सरकतात आणि नेहमी विषम दशांशावर थांबतात. ९३.५ किंवा ९८.३ लागेल, पण पुण्याचं आकाशवाणीचं १०१ नेमकं लागणार नाही. मेनूत ट्यूनरची पायरी बदलायची सोय आहे का ते पाहा. आणि त्याने डिस्क प्लेयरही आणला असेल तर तिकडची डीव्हीडी क्षेत्र १ ची आणि आपली ५ ची असते, म्हणून आपली त्यावर बहुधा चालणार नाही. यात रिसीव्हरचा दोष नाही.

प्रश्न: आमचं घर चिपळूणजवळ, कौलारू. वरच्या दिशेने आवाज फेकणारे अ‍ॅटमॉस स्पीकर घ्यावेत का? पावसाळ्यात यंत्रांची काय काळजी घ्यावी?

उत्तर: घेऊ नका. ते स्पीकर आवाज छतावर आपटून खाली आणतात आणि त्याला सपाट, कठीण, आडवं छत लागतं. तुमच्या उतरत्या कौलांवरून आणि वाशांमधून तो आवाज कुठल्या कुठे जाईल. बरंच आहे! कौलारू घरात ध्वनी फार सुरेख असतो. उंच, तिरपं छत असल्यामुळे वर-खाली आवाज साचत नाही. साधं ५.१ लावा, फ्लॅटवाल्यांना हेवा वाटेल.

पावसाळा ही मोठी गोष्ट आहे. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा चमकायला लागल्या की रिसीव्हरचा प्लग काढा, आणि त्याबरोबर डिशची वायरही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. विजेचा झटका डिशच्या वायरीतून सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये येतो. मी कोकणातून आलेल्या बोर्डांवर नेमकी ती एचडीएमआयची चिप जळलेली बऱ्याच वेळा पाहिली आहे. दमट दिवसांत रिसीव्हर रोज तासभर तरी चालू ठेवा, त्याच्या उबेनेच तो कोरडा राहतो. पाली उबेला जाळीतून आत शिरतात आणि दोन टोकांवर पाय ठेवून यंत्राचा आणि स्वतःचा शेवट करतात. मागच्या-बाजूच्या मोकळ्या जागेत मच्छरदाणीची बारीक जाळी उभी करा, पण वरच्या जाळीवर काही झाकू नका. क्रोशाचा रुमालसुद्धा नको.

प्रश्न: जुन्या ‘होम थिएटर इन अ बॉक्स’चे पाच स्पीकर पडून आहेत. नव्या रिसीव्हरला लावता येतील? (डोंबिवली)

उत्तर: पाठीवर ‘३ ओहम’ लिहिलं असेल, आणि बहुधा तसंच असेल, तर नाही. नवे रिसीव्हर सहसा ६ ओहमच्या खाली जायचं नाही असं सांगतात, काही ४ पर्यंत. ३ ओहमवर ते जास्त वीज ओढून तापतील.

प्रश्न: रिसीव्हर जोडल्यापासून सतत ‘हूं’ असा आवाज येतो. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची पिन काढून टाकली तर थांबला. ठीक आहे ना? (पनवेल)

उत्तर: अजिबात ठीक नाही. ती पिन आजच परत लावून घ्या. आत वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली तर ती पिनच तुम्हाला वाचवते.

आवाज येतो तो ५० हर्ट्झचा, जमिनीला दोन वाटांनी जोडलं गेल्यामुळे. दुसरी वाट जवळजवळ नेहमी केबलची असते. सेट टॉप बॉक्सच्या मागून केबलवाल्याची गोल वायर काढून पाहा. ‘हूं’ थांबला तर चोर सापडला. त्या वायरीवर बसणारा छोटा आयसोलेटर मिळतो, तो लावा. आणि टीव्ही, पेटी, रिसीव्हर, सबवूफर सगळे एकाच बोर्डावरून घ्या.

प्रश्न: वडिलांचा रेकॉर्ड प्लेयर आणि आजोबांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या माळ्यावरून काढल्या. काही लाखेच्या जड आहेत, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. नव्या रिसीव्हरवर ‘फोनो’ लिहिलेलं इनपुट आहे. तिथेच लावायचं ना? आमच्या आत्याला ऐकवायचं आहे, ती नव्वदीला आली आहे. (कोल्हापूर)

उत्तर: थांबा, आधी सुईच्या डोक्यात काय आहे ते पाहू. जुन्या पेटीसारख्या भारतीय प्लेयरांत बहुतेक वेळा सिरॅमिक किंवा क्रिस्टलचं कार्ट्रिज असतं. त्याचा आवाज मुळातच मोठा असतो, तो साध्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ इनपुटला लावायचा. फोनोला लावला तर कर्कश, फुटलेला येईल आणि तुम्हाला वाटेल तबकडीच खराब आहे. फोनो इनपुट हे चुंबकी कार्ट्रिजसाठी असतं. त्यातून जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात. ते वाढवायचे आणि तबकडी कोरताना मुद्दाम दाबलेला खर्ज परत आणायचा, हे काम फोनो इनपुट करतं. तसं कार्ट्रिज असेल तर प्लेयरची बारीक जमिनीची वायर रिसीव्हरच्या मागच्या स्क्रूला बांधा.

७८ च्या तबकड्यांना मात्र आज लाँग प्लेची सुई लावू नका. त्यांची खाच रुंद असते, सुईचं टोक साधारण ३ मिल, म्हणजे इंचाच्या ३ हजारांश (सुमारे ०.०७५ मिलिमीटर) लागतं. लाँग प्लेची सुई त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याची असते. ती खाचेच्या तळाशी घासत जाते, तबकडीही खरवडते आणि सुईही जाते. तुमच्या प्लेयरच्या डोक्यावर छोटा खटका असेल तर तो फिरवला की ७८ ची सुई खाली येते. टोक झिजलेलं असेल तर नवीन बसवून घ्या. आजोबांच्या तबकड्यांवर घाई नको. लाखेची तबकडी ओल्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख विरघळते. मऊ ब्रश आणि शुद्ध पाण्याचा हलका हात पुरे.

रिसीव्हरवर ‘मोनो’ची सोय असेल तर ती लावा. त्या काळात एकच आवाज कोरलेला आहे; दोन्ही बाजू एकत्र केल्या की वर-खाली होणारी खरखर बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. सगळे परिणाम बंद, सबवूफर बंद. एका बाजूची सुमारे तीन मिनिटं, त्यात आलाप, पद, एखादी तान. आत्यांना स्पीकरच्या समोर बसवा. हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं.

प्रश्न: मी ७८ वर्षांची आहे, साताऱ्याला एकटी राहते. मुलाने गेल्या दिवाळीत होम थिएटर बसवून दिलं. आवाज पुष्कळ आहे, शब्द कळत नाहीत. वाढवला तर शेजारी ओरडतात. मुलगा फोनवर म्हणतो, ‘आई, सगळं बरोबर लावलंय.’

उत्तर: आई, मुलाने बरोबरच लावलं असणार, पण त्याच्या कानांना. वय वाढतं तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी मावळतात. ‘क’, ‘त’, ‘स’, ‘श’ यांची धार तिथेच असते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आवाज वाढवून स्वरच वाढतात.

शेजारच्या एखाद्या मुलाला बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. मेनूत स्पीकरच्या ‘लेव्हल’मध्ये जाऊन फक्त ‘सेंटर’चा आकडा ३ ने वाढवायचा. सबवूफरचा ४ ने कमी करायचा. ‘डायनॅमिक रेंज’ किंवा ‘नाइट मोड’ असं काही दिसलं तर ते चालू करायचं. त्याने हळू बोलणं वर येतं आणि धडाके खाली येतात, शेजारीही झोपतील. ‘ट्रेबल’ २-३ घर वर. ‘हॉल’, ‘स्टेडियम’ अशी नावं असतील ती सगळी बंद. आणि खुर्ची जागची हलवता येत असेल तर टीव्हीकडे दोन हात पुढे ओढून घ्या. कानांची तपासणी करून घ्या, हेही सांगते. माझ्या आईने तीन वर्षं टाळली आणि तेवढी वर्षं फोनवर नुसतं ‘हो, हो’ म्हणत राहिली.

एवढं करून आधी बातम्या लावा, संगीत नसलेल्या. एक पूर्ण बातमी डोळे मिटून ऐका. एखादा शब्द निसटला तर सेंटर आणखी एकाने वाढवा. कुठल्या आकड्यावर सगळे शब्द आले ते मला पोस्टकार्डावर लिहून कळवा. मुलाला मी फोन करून सांगेन, म्हणजे पुढच्या दिवाळीला आला की तो ‘दुरुस्त’ करून जाणार नाही.